मी सही का केली नाही

मंडळी, या विकांताला खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं होतं. पण आठवडाभर डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, ती एकदाची बाहेर काढतो.

आमच्या ट्रेकवाल्या कंपूनं एक अर्ज तयार केलाय. मथळा एकदम जोरदार: 'सह्याद्री आमचा, मग आम्हालाच बंदी का?' चांदोली राष्ट्रीय उद्यानातल्या जुन्या घाटवाटा, प्राचीतगड, रुंदीवचा माथा, पुढची पठारं, हे सगळं चालणाऱ्यांसाठी विनाअट खुलं करा अशी मागणी. सह्या धडाधड पडतायत. माझी नाही. परवा रंकाळ्यावर भेळ खाता खाता त्यावरून अशी जुंपली की भेळवाल्यानंच शेवटी पैसे मागून भांडण मिटवलं. "लेका, दर शनिवारी डोंगर डोंगर करत बोंबलत फिरतोस आणि सहीची वेळ आली की मागं?" असं एकजण म्हणाला. प्रश्न रास्त आहे. म्हणून हा खुलासा. खुलासा म्हणण्यापेक्षा राहिलेलं भांडणच समजा.

आधी माझं पाप कबूल करतो. त्या अर्जात एक वाक्य आहे, 'मानवाचा स्पर्शही न झालेलं हे अरण्य'. हे वाक्य मूळ माझं. काही वर्षांपूर्वी प्राचीतगडावरून काढलेल्या एका फोटोखाली मी 'अनटच्ड सह्याद्री' असं लिहिलं होतं. पंचवीस-तीस जणांनी वा वा केलं. अर्ज लिहिणाऱ्यानं तेच उचलून मराठीत केलंय. तेव्हा त्या वाक्याची चिरफाड करायचा पहिला हक्क माझा.

तर तो दिवस. जानेवारीतला शनिवार. आम्ही सहाजण, रीतसर परवानगी घेऊन, रात्री दीड वाजता कोल्हापुरातून निघालो. मलकापूर, आंबा घाट, साखरपा, देवरुख, संगमेश्वर, आणि तिथून कसबा-नायरीवरून शृंगारपूर. गाव सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला चिकटलेलं. येसूबाईंचं माहेर म्हणून आपल्याला ठाऊक असलेलं हेच ते शिर्क्यांचं शृंगारपूर. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी ते सुर्व्यांकडून घेतलं. गावाच्या मागं मान वर करून बघितलं की प्राचीतगड दिसतो, आणि पहिल्या झटक्यात वाटतं की हे आपल्याच्यानं होणार नाही. कोकणातून चढायचं म्हणजे घाटमाथ्यावरच्या ट्रेकसारखं निम्मं काम गाडी करत नाही. सगळी उंची पायानंच कमवावी लागते.

वाटाड्या म्हणून गावातले एक मामा आले. पन्नाशी ओलांडलेले, पायात साधी चप्पल, हातात कोयता. आमच्या पायात प्रत्येकी पाच-सहा हजाराचे बूट. पहिला तास बरा गेला. मग जंगलातला खडा चढ, मग चढून कमावलेली उंची पुन्हा घालवणारा उतार, ओढ्याच्या घळीत दगडांवरून उड्या, आणि तिथून वर घसारा. पाऊल टाकावं तर अर्धं पाऊल खाली. कारवीला धरावं तर वाळलेली कारवी हातात. आमच्यातला एकजण, दर रविवारी पन्हाळ्यापर्यंत सायकल मारणारा गडी, एका दगडावर बसला आणि म्हणाला, "मी इथंच थांबतो, तुम्ही जाऊन या." मामांनी त्याच्याकडं बघितलं, कमरेची पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "बसू नका. इथं बसलेला मानूस उटत न्हाय." तो उठला.

शेवटी लोखंडी शिडी. खाली बघायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच बघतात. वर पोचायला आम्हाला चार तासांच्या वर लागले. गडावर भवानीचं देऊळ, तोफा, कातळात खोदलेलं खांबांचं पाण्याचं टाकं. पाणी असं गार की पित्त उतरावं. भाकरी, ठेचा, दही सोडून बसलो. समोर पूर्वेला रानच रान. घर नाही, खांब नाही, रस्ता नाही. मी फोन काढला, फोटो काढला आणि मोठ्यानं म्हणालो, "काय जंगल आहे! माणसाचा पत्ताच नाही."

मामा भाकरी मोडत होते. म्हणाले, "पत्ता हाय की. ते काळं दिसतंय न्हवं, माथ्यावर? ते आंबे. माजी आत्या तिकडं रुंदीवात दिलेली. आंबा काय रानात वळीनं उगवतो?"

मी डोळे फाडून बघितलं. मला नुसता हिरवा रंग दिसत होता. त्यांना आंबे दिसत होते.

मग त्यांनी सांगितलं ते असं. लहानपणी ही वाट गडाची वाट नव्हतीच, आत्याकडं जायची वाट होती. खालून मीठ, सुकी मासळी वर जायची. वरून नाचणी, वरी खाली यायची. सोयरिकी व्हायच्या. आज आम्ही चार तास धापा टाकत चढलो ती वाट त्यांची आजी डोक्यावर पाटी घेऊन चढायची, आणि मुक्काम न करता परतही यायची. मग वरची गावं उठली. आत्या गेली ती दुसऱ्याच मुलखात, जिथं जायला मामांना तीन एसट्या बदलाव्या लागायच्या. "मेली तवा पोचलोच न्हाय," एवढं म्हणाले आणि टाक्यावर हात धुवायला गेले.

मी खाली उतरून रेंज आल्यावर तो फोटो टाकला. खाली 'अनटच्ड सह्याद्री' लिहिलं. ऐकलेलं असूनही लिहिलं. कारण ते छान वाटत होतं.

आता अर्जाकडं येऊ. चांदोली 1985 मध्ये अभयारण्य झालं, 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान. सुमारे 318 चौरस किलोमीटर, सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेलं. 2010 मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. 2012 मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत घेतला, त्यातही चांदोली आहे. हे सगळे टप्पे आमच्या अर्जात आहेत, अभिमानानं लिहिलेत. पण या टप्प्यांच्या मधे माणसं होती हे एका शब्दानं नाही. रुंदीव, गोठणे, झोळंबी, निवळे, तनाळी. ट्रेकवाल्याला ही नकाशावरची पठारांची आणि मुक्कामाची नावं वाटतात. ती गावांची नावं आहेत.

आणि ही माणसं एकदाच उठली असंही नाही. आधी वारणा धरण आलं, चांदोलीचं. 34.4 टीएमसी पाणी. ती वारणा उगम पावते तीच मुळी प्राचीतगडाच्या आसपासच्या डोंगरात. काही गावं पाण्याखाली गेली. वर राहिलेल्यांच्या नशिबी अभयारण्य आलं. त्या पाण्यावर खाली ऊस झाला, कारखाने झाले, वारणेचं दूध-श्रीखंड झालं. आपल्यातल्या निम्म्यांची इंजिनिअरिंगची फी कुठून आली हे जरा घरी विचारून बघा. माझी उसातून आली. म्हणजे ते गाव उठलं त्याचा फायदा मला शिकताना झाला, आणि आता गाव उठलेलं आहे त्याचा फायदा विकांताला होतोय. एकाच गावाचा दोनदा फायदा घेतल्यावर वर 'आमच्यावर अन्याय' म्हणून अर्ज करायचा, याला काहीतरी लाज हवी.

अन्याय हा शब्द ज्यांनी वापरावा ते लोक आपल्याच शहरात येऊन बसतात. चांदोली अभयारण्यग्रस्तांचे ठिय्ये कोल्हापुरात कितीदा झालेत! श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली, आया-बाया, म्हातारे, चूल मांडून. मागण्या अशा की वाचूनच दमायला होतं. कबूल केलेली जमीन द्या, दिलेली जमीन नापीक आहे ती बदलून द्या, वसाहतीत पाणी द्या. मीही त्या ठिय्याच्या बाजूनं मोटारसायकलवरून गेलोय. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगतो. 'आयला, आज परत ट्रॅफिक.' हापिसात पोचून मी बहुतेक येत्या ट्रेकची मेल टाकली असेन.

आता कंपूचा सगळ्यात दमदार मुद्दा, आणि तो खरोखर दमदार आहे. मणदूरच्या बाजूनं परवाना काढून गाडीत बसून आत जाता येतं. मग पायी जाणाऱ्यानं काय घोडं मारलंय? डिझेल जाळत जाणारा पर्यटक आणि स्वतःच्या पायानं जाणारा गुन्हेगार? रंकाळ्यावर या मुद्द्याशी मी अडखळलो होतो. नंतर विचार केला. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या कलम 27 आणि 28 प्रमाणं आत जायला परवाना लागतो, आणि तो पर्यटनासाठीही देता येतो. म्हणजे कायदा चालणाऱ्याचा वैरी नाही. प्रश्न आहे तो कसं, किती आणि कुठून एवढाच. गाडी ठरलेल्या रस्त्यावरून जाते आणि संध्याकाळी बाहेर येते. जनावरं गाडीला सरावतात. पायी माणूस मात्र कुठूनही शिरतो, झऱ्यावर बसतो, आणि गव्यासाठी दोन पायावरचा माणूस ही गाडीपेक्षा जास्त भीतीची गोष्ट असते. 2021 च्या डिसेंबरात गवा कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आला तेव्हा आपण काय केलं आठवतंय ना? मोबाईल घेऊन त्याच्या मागं धावलो. तेच आपण जंगलात जाऊन एकदम साधू होतो काय?

आणि 'आपण' म्हणजे कोण हेही जरा बघू. अर्जात 'निसर्गप्रेमी पदभ्रमणकर्ते' लिहिलंय. मी एकदा अशा एका गटाबरोबर दुसऱ्या एका किल्ल्यावर गेलोय, नाव काही घेत नाही. दोन मिनीबस, पंचेचाळीस डोकी, माणशी फी, टोपी आणि टी-शर्ट फुकट. पायथ्याला घोषणा, मध्यावर ब्लूटूथ स्पीकर, वर ड्रोन. पोह्यांच्या कागदी डिशा खोपटाच्या मागं ढीग करून ठेवल्या, 'येताना नेऊ' म्हणून. येताना अंधार पडला. त्या गटाचा म्होरक्या वाईट माणूस नव्हता, मन लावून सगळ्यांना वर नेत होता. पण पंचेचाळीस माणसं ही पंचेचाळीस माणसंच असतात, त्यांची मनं किती हिरवी आहेत यानं फरक पडत नाही. विनाअट खुलं करा म्हणजे या दोन मिनीबस. मग चार. मग शिडीवर रांग.

आता जरा आपल्या ऑनसाइटवाल्यांबद्दल. अर्जावर पहिल्या दहात ज्याची सही आहे तो माझा जुना दोस्त तीन वर्षं बे एरियात होता. योसेमिटीतला हाफ डोम चढायचं त्याचं स्वप्न होतं. तोही एका दिवसाचा खतरनाक ट्रेक, जाऊन-येऊन वीस-पंचवीस किलोमीटर आणि शेवटी पोलादी दोरांना धरून उघड्या कातळावर चढायचं. तिथं 2010 पासून परवाना लागतो. दिवसाला जास्तीत जास्त 300 माणसं, आणि मार्चमध्ये सोडत. हा पठ्ठ्या सलग दोन वर्षं पैसे भरून सोडतीत उतरला, नंबर लागला नाही, आणि मला फोनवर कौतुकानं सांगत होता, "काय सिस्टीम आहे यार यांची!" तोच मनुष्य इथं नाक्यावर वनरक्षकानं कागद विचारला की म्हणतो, "ब्युरोक्रसी साली." तिथली रांग ती शिस्त, इथली रांग ती अडवणूक! :-)

गंमत म्हणजे योसेमिटीही 'अनटच्ड'च म्हणायचे. 1890 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. त्याआधी 1851 मध्ये मॅरिपोसा बटालियन नावाच्या हत्यारबंद तुकडीनं त्या दरीतल्या अहवानीची लोकांना हुसकावून लावलं होतं. आधी माणसं काढायची, मग निर्मनुष्य म्हणून फोटो काढायचे. आपण हे तिथून शिकलो असं मी म्हणत नाही. आपल्याला ते न शिकवताच येतं.

माझं म्हणणं वाघाच्या विरुद्ध आहे असा अर्थ कुणी काढू नये. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोबाहून एक वाघीण चांदोलीत आणली, ती बातमी वाचून मी हापिसात उभा राहून टाळ्या वाजवल्या. रान राहिलं पाहिजे, वारणेच्या उगमावरचं तर राहिलंच पाहिजे, नाहीतर खाली आपण पिणार काय. पण वाघासाठी नाचणीवाल्यानं घर सोडलं. त्याची गुरं बंद, मध बंद, शिकेकाई-हिरडा बंद, आंबाही बंद. आणि त्याच वाघाच्या रानात आपल्याला शनिवार-रविवारी पायी फिरायचंय, तेही विनाअट. वाघ आणि शेतकरी एकत्र राहू शकत नाहीत, पण वाघ आणि सॉफ्टवेअर इंजिनिअर राहू शकतात, असं काही संशोधन झालंय का? झालं असेल तर मला पाठवा.

'शिवरायांचे किल्ले म्हणजे आमचा वारसा' हा मुद्दाही अर्जात आहे. आहेच वारसा. पण गड काय नुसता दगडांचा असतो? घाटवाट माहीत असलेली, गडाला धान्य आणि माणूस पुरवणारी गावं म्हणजे गडाचा निम्मा जीव. ती वाट अजून कुणाच्या पायात असेल तर ती मामांसारख्यांच्या. दहा वर्षांनी त्यांचे गुडघे गेले की ती आपल्या जीपीएसमधल्या एका निळ्या रेषेत उरेल. आणि त्या रेषेला आत्या नाही.

म्हणून मी सही केली नाही. पण नुसतं नाही म्हणून गप्प बसणाऱ्यातलाही मी नाही. अर्जाचा मसुदा मी बदललाय. 'विनाअट' काढलंय. गटाला आठ-दहापेक्षा जास्त माणसं नकोत, दिवसाला ठरलेले गट, पावसाळ्यात आणि जनावरांच्या नाजूक काळात बंद. प्रत्येक गटाबरोबर वाटाड्या सक्तीचा, आणि तो उठलेल्या गावांतल्या कुटुंबांतला किंवा शृंगारपूरसारख्या पायथ्याच्या गावातला. फी त्याच्या हातात, मधल्या कुणाच्या नाही. आणि सगळ्यात वर, आपल्या मागणीच्याही आधी, एक मागणी घातलीय: उठलेल्या गावांतल्या माणसांना आपल्या जुन्या देवळांपर्यंत, आपल्या जोत्यांपर्यंत वर्षातून ठरलेले दिवस जायला वाट आणि सोय असावी, आणि त्यांच्या जमिनीचे राहिलेले कागद आधी पुरे व्हावेत. आपला नंबर त्यानंतर.

मसुदा कंपूत टाकला तेव्हा पहिलं उत्तर आलं, "भावा, हे ट्रेकचं आहे की पुनर्वसनाचं?" दुसरं उत्तर, "हे घातलं तर अर्ज कोण वाचणार?" तिसऱ्यानं नुसता हात जोडलेला. ऑनसाइटवाल्या दोस्तानं मात्र रात्री उशिरा फोन केला आणि विचारलं, "ते आंबे खरंच दिसतात का रे वरून?" मी म्हटलं, मला नाही दिसले.

त्या जुन्या फोटोखालची ओळ मी काल काढून टाकली. आता तिथं 'रुंदीवचा माथा, प्राचीतगडावरून' एवढंच आहे. फेब्रुवारीत पुन्हा जायचं म्हणतोय, परवानगी मिळाली तर. चौघंच. मामांना फोन केला तर म्हणाले, "या की, पन त्या दमलेल्या सायबाला पन आना." त्या दमलेल्या साहेबानं नव्या मसुद्यावर सही केलीय. दोन सह्या झाल्या.